गावाची नोंद पाण्यापासून सुरू करावी : बालीतले जातिलुविह पाहण्याची रीत

जातिलुविहला येणाऱ्या बहुतेकांची गाडी एखाद्या उपाहारगृहाच्या दारात थांबते. सज्ज्यावरून खाली भाताच्या पायऱ्यापायऱ्यांची खाचरे दिसतात. माणूस छायाचित्रे काढतो, भाजलेल्या लाल तांदळाचा चहा पितो आणि तासाभरात परततो. यात गैर काहीच नाही, परंतु त्याने जे पाहिले ते दृश्य होते, गाव नव्हते. इंडोनेशियातल्या एखाद्या लहानशा शेतकरी गावाची खरोखर ओळख करून घ्यावी आणि ती व्यवस्थित लिहून काढावी असे ज्याच्या मनात आहे, मग तो ग्रामीण अर्थशास्त्राचा विद्यार्थी असो, पाटबंधाऱ्यांच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता असो किंवा नुसता कुतूहलाने हिंडणारा असो, त्याच्यासाठी हे टिपण आहे. माझे सांगणे थोडक्यात इतकेच आहे की घरे, लोकसंख्या, देऊळ, शाळा अशा क्रमाने सुरुवात करू नये. पाणी जिथून येते तिथे आधी जावे आणि त्याच्याबरोबर उतरत गावात यावे. जावा, सुमात्रा किंवा सुलावेसीतल्या गावांना ही रीत जशीच्या तशी लागू पडणार नाही, पण बालीतल्या भातगावाला हिच्याइतका न्याय देणारी दुसरी रीत मला सापडलेली नाही.

जातिलुविह हे बाली बेटाच्या ताबानान जिल्ह्यातले, पेनेबेल तालुक्यातले गाव. २,२७६ मीटर उंचीच्या बातुकारु पर्वताच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर ते वसलेले आहे. नावाचा अर्थ ‘खरोखरच उत्तम’ असा सांगतात. बालीच्या सुबाक या सिंचनव्यवस्थेचा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या वारशात एकूण पाच ठिकाणे आणि सुमारे १९,५०० हेक्टर क्षेत्र येते. जातिलुविहची खाचरे त्यांतल्या ‘चातुर आंगा बातुकारु’ या भागात मोडतात. चतुर् आणि अंग हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. बातुकारुच्या मुख्य देवळाची चार अंगे मानली गेलेली चार देवळे या उतारावर आहेत, आणि त्यांच्यावरून हे नाव पडले. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीतही जातिलुविहचे नाव घातले. या दोन मानांमुळे गावाबद्दल वाचायला पुष्कळ मिळते, पण त्यातले बरेचसे सज्ज्यावरूनच लिहिलेले असते.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकाला बालीत उतरल्यावर व्हिसा मिळतो, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला बाली प्रांताचा १,५०,००० रुपियाचा वेगळा करही भरावा लागतो. मात्र हा व्हिसा हिंडण्यासाठी आहे. प्रश्नावली घेऊन घरोघर जायचे असेल, प्रबंधासाठी माहिती गोळा करायची असेल, तर संशोधनाचा रीतसर परवाना आधी काढावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. नुसत्या गप्पा आणि नोंदवही यांत व पद्धतशीर सर्वेक्षणात फरक आहे, हे स्वतःशीही स्पष्ट असलेले बरे.

तारखा ठरवताना दोन पंचांगे पाहावी लागतात. बालीत शक संवत्सर चालते आणि त्याचा आकडा आपल्या शालिवाहन शकाचाच असतो. तिथल्या नववर्षाच्या दिवसाला न्येपी म्हणतात. तो कधी गुढीपाडव्याच्या आसपास येतो, तर कधी महिनाभर अलीकडे. त्या दिवशी बेटावर दिवा, काम, प्रवास आणि करमणूक हे चारही बंद असते. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद राहतो. दुसरे पंचांग २१० दिवसांचे आहे, देवळांचे बहुतेक उत्सव त्यावरच ठरतात आणि गालुंगान हा मोठा सण त्याच चक्राने येतो. त्या आठवड्यात गाव पाहायला सुंदर असते, पण पाटाचा हिशेब समजावून सांगायला कोणाला सवड नसते.

पिकाच्या दृष्टीने पाहिले तर स्थानिक लाल भाताची लावणी जानेवारीच्या सुमारास होते आणि कापणी जून-जुलैत. ज्याला पाणीवाटप समजून घ्यायचे आहे त्याने लावणीच्या आधीच्या चिखलणीच्या दिवसांत जावे. त्या वेळी खाचरे हिरवी नसतात, छायाचित्रे फारशी चांगली येत नाहीत, परंतु पाण्याची गरज सर्वांना एकदम असते आणि व्यवस्था खरोखर कशी चालते ते तेव्हाच दिसते.

दुभाषा निवडताना फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ज्याच्या घरी अजून शेत आहे असा माणूस शोधावा. इंडोनेशियन भाषेत भातखाचराला ‘सावाह’ म्हणतात, बालीत त्याच खाचराला ‘चारिक’ म्हणतात, आणि जो दुसरा शब्द सहज वापरतो त्याला पाटाचे शब्दही येतात. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’, बाईमाणसाला ‘इबु’, आपल्याहून थोड्या मोठ्या तरुणाला ‘ब्ली’ म्हणावे. भेटताच ‘ओम् स्वास्तिआस्तु’ म्हणावे. यातले स्वस्ति आणि अस्तु आपलेच आहेत, त्यामुळे मराठी तोंडात ते चटकन बसते. नावे लिहिताना सावध राहावे. बालीत मुलांची नावे जन्माच्या क्रमाने ठेवण्याची चाल आहे : पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचव्यापासून बहुधा पुन्हा वायान. दोन दिवसांनी वहीत सात वायान जमतात आणि कोणाचे शेत कोणते ते कळेनासे होते. म्हणून नावापुढे बांजार, म्हणजे वस्ती, आणि खाचराचे ठिकाण त्याच वेळी लिहावे.

एका जागेवरची तीन गावे

‘देसा’ हा इंडोनेशियन शब्द संस्कृत देशापासून आलेला आहे आणि त्याचा अर्थ गाव असा होतो. बालीत मात्र नुसते देसा म्हणून भागत नाही. एक असते देसा दिनास, म्हणजे सरकारी गाव. त्याच्या प्रमुखाला बालीत पर्बेकेल म्हणतात. दाखले, लोकसंख्येचे आकडे, रस्ते, आणि २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर केंद्राकडून थेट येणारा ग्रामनिधी हे सारे त्याच्याकडे असते. दुसरे असते देसा आदात, म्हणजे रूढीचे गाव. त्याचा प्रमुख बेंदेसा. देवळे, उत्सव, अंत्यविधी, गावाची सामाईक जमीन आणि रूढीचे नियम हा त्याचा कारभार, आणि २०१९ च्या प्रांतिक कायद्याने त्याला स्पष्ट मान्यताही आहे. या दोन गावांच्या सीमा कधी जुळतात, कधी जुळत नाहीत.

तिसरे गाव नकाशावर नसते. ते म्हणजे सुबाक : एका पाटाच्या पाण्यावर ज्यांची शेते भिजतात त्या सर्व शेतकऱ्यांची संघटना. माणूस कुठे राहतो याच्याशी सुबाकला देणेघेणे नाही. त्याच्या शेतात पाणी कोणत्या पाटाने येते एवढेच ती विचारते. त्यामुळे एकाच घरातला माणूस आपल्या बांजारच्या सभेला एका ठिकाणी जातो आणि सुबाकच्या सभेला दुसरीकडे, आणि ज्याची दोन शेते दोन पाटांवर आहेत तो दोन सुबाकांचा सभासद असतो. ज्यांनी धुळे-नाशिककडे पांझरा किंवा मोसम नदीवरची फड पद्धत पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. तिथेही बंधाऱ्याचे लाभक्षेत्र हेच एक स्वतंत्र गाव असते आणि पाटकरी त्याचा नोकर असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे.

म्हणून वहीची पहिली तीन पाने वेगळी ठेवावीत आणि जी माहिती मिळेल ती कोणत्या गावाची आहे हे प्रत्येक वेळी विचारून त्या पानावर लिहावी. पहिल्या खेपेला मी हे केले नव्हते. सरकारी गावाची कुटुंबसंख्या आणि सुबाकची सभासदसंख्या मी एकाच ओळीत लिहिली, दोघांचा भागाकार करून दर कुटुंबामागे शेतीही काढली, आणि परत येईपर्यंत ते उत्तर किती निरर्थक आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

बंधाऱ्यापासून खाली

आता चालण्याचा भाग. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, पाटाच्या वरच्या तोंडाशी जावे. ओढ्यावर किंवा नदीवर घातलेल्या बंधाऱ्याला एम्पेलान म्हणतात आणि तिथून निघणाऱ्या मुख्य पाटाला तेलाबाह. बालीच्या नद्या ज्वालामुखीच्या राखेतून खोल घळी कापत गेलेल्या आहेत, त्यामुळे पाणी शेताच्या शेजारून वाहत असूनही कित्येक हात खाली असते. ते वर घ्यायचे तर नदीला दूर वरच्या अंगाला गाठावे लागते आणि तिथून डोंगराच्या कडेने, प्रसंगी खडकात खणलेल्या बोगद्यातून आणावे लागते. अशा बोगद्याला आउंगान म्हणतात. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, आणि संघटना का जन्माला आली याचे अर्धे उत्तर इथेच आहे. ती जुनी किती, तर इ.स. १०७१ च्या एका लेखात ‘कासुवाकान’ हा शब्द येतो, आणि आजचा सुबाक शब्द त्याच्याशी जोडला जातो.

पाटाच्या काठाने उतरताना पहिल्या फाट्याशी थांबावे आणि तिथे खाली बसून नीट पाहावे, कारण सबंध गाव ज्या वस्तूवर उभे आहे ती ही. तिला तेम्बुकु म्हणतात. पाटात एक कठीण लाकडाचा ओंडका आडवा बसवलेला असतो. आता काही ठिकाणी तो सिमेंटचा असतो. त्याच्या वरच्या कडेला चौकोनी खाचा कोरलेल्या असतात. सर्व खाचांचा तळ एकाच पातळीत असतो, रुंदी मात्र वेगवेगळी. एका खाचेतून वाहणारे पाणी उजवीकडच्या फाट्यात पडते, दुसरीतून डावीकडच्या, आणि ज्याच्या वाट्याला जितका हिस्सा तितकी त्याची खाच रुंद. तळ सारखा असल्यामुळे पाट तुडुंब वाहो की आटत येवो, वाटणीचे प्रमाण बदलत नाही. कमी पडले तर सर्वांना त्याच प्रमाणात कमी पडते. ना झडप, ना मोजपट्टी, ना चावी. शिवाय जाता-येता कोणालाही ते डोळ्यांनी तपासता येते. खाचेच्या तळाशी कोणी चिखलाचा गोळा किंवा दगड ठेवला असेल तर खालच्या शेतकऱ्याला ते दिसते, आणि भांडण असेल तर ते त्या दगडाशीच सुरू होते.

या हिस्स्याच्या एककाला तेकतेक म्हणतात. प्रत्येक शेतकऱ्याला त्याचे तेकतेक किती हे जरूर विचारावे, पण लगेच दुसरा प्रश्नही विचारावा : तेवढ्या पाण्याबद्दल त्याला काम किती करावे लागते? सुबाकमध्ये पाण्याचा हक्क आणि श्रमाचे देणे एकाच मापाने मोजले जातात. ज्याचे पाणी अधिक त्याने पाटाची साफसफाई, बंधाऱ्याची दुरुस्ती आणि देवळाचा खर्च यांत अधिक वाटा उचलायचा. सभासदांचे तीन प्रकार असतात : प्रत्यक्ष कामाला येणारे, कामाऐवजी पैसे किंवा धान्य भरणारे, आणि पुजारी वगैरे कामामुळे सूट मिळालेले. पहिल्या दोन प्रकारांचे प्रमाण गेल्या काही वर्षांत कसे बदलले हे विचारले तर गावातली किती माणसे आता बाहेर नोकरीला जातात याचे उत्तर न विचारता मिळते. माझ्या मते कोणत्याही सरकारी तक्त्यापेक्षा हा प्रश्न अधिक बोलका आहे.

जातिलुविहचे सुबाक सुमारे ३०० हेक्टरचे आहे आणि ते तेम्पेक नावाच्या उपविभागांत वाटलेले आहे. साऱ्या सुबाकचा प्रमुख पेकासेह. तो पगारी अधिकारी नव्हे, सभासदांनी निवडलेला शेतकरी असतो. त्याच्याकडे जाताना भर दुपारी जाऊ नये आणि रिकाम्या हातानेही जाऊ नये. कॉफी आणि साखर नेली तर चालते. त्याच्याशी बोलताना सुबाकच्या नियमांची, म्हणजे आविग-आविगची चौकशी करावी. पूर्वी हे नियम ताडपत्रावर लिहिलेले असत, आता छापील असतात. पाणी चोरण्याचा दंड, सभेला न येण्याचा दंड, दुसऱ्याच्या खाचरात गुरे-बदके शिरल्यास भरपाई, असे सगळे त्यात असते. नियम वाचून दाखवा म्हणण्यापेक्षा शेवटचा दंड कोणत्या कारणासाठी झाला ते विचारावे, नाव मात्र विचारू नये.

सर्वांनी एकदम का पेरावे

फाट्याफाट्याने उतरताना एक गोष्ट लक्षात येते : शेजारची दहा-वीस खाचरे एकाच वयाच्या पिकाची असतात आणि मग अचानक एका ओढ्यापलीकडे सगळी वेगळ्या वयाची. हा योगायोग नसतो. भाताला चिखलणीच्या वेळी सर्वाधिक पाणी लागते, तेव्हा सर्वांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. उलट प्रत्येकाने आपल्या सोयीने केली तर कोणत्या ना कोणत्या शेतात बाराही महिने कोवळे भात उभे राहते आणि किडीला उपाशी राहण्याची वेळच येत नाही. पाणी म्हणते आळीपाळीने लावा, कीड म्हणते एकदम लावून एकदम जमीन मोकळी ठेवा. या दोन्हींमधला मध्य काढणे, म्हणजे किती सुबाकांनी मिळून एका वेळी लावावे आणि कोणी मागाहून यावे हे ठरवणे, हे सुबाकांचे आणि त्यांच्या पाण्याच्या देवळांचे, म्हणजे बंधाऱ्याशी आणि फाट्यांशी असलेल्या सुबाकच्या देवळांचे, शतकानुशतकांचे काम आहे.

हे किती खरे आहे याचा पुरावा चुकीतून मिळाला. हरित क्रांतीच्या काळात, १९७० च्या दशकात, सुधारित वाण, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्यासोबत शेतकऱ्यांना शक्य तितक्या वेळा भात घेण्याचा आग्रह झाला आणि जुने लावणीचे वेळापत्रक मोडले. देशाच्या पातळीवर उत्पादन वाढले. १९८४ साली इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला हेही खरे. पण बालीत पाण्याची ओढाताण झाली आणि तपकिरी तुडतुड्यांनी व टुंग्रो या भातावरच्या विषाणूजन्य रोगाने पिके बसली. फवारणीने तुडतुड्यांचे शत्रू आधी मेले. अखेर १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. त्याच सुमारास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी जेम्स क्रेमर यांच्यासह ओस आणि पेतानु या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचे संगणकीय प्रारूप केले. प्रत्येकाने स्वतंत्र लावणी करणे आणि सर्वांनी एकत्र लावणी करणे या दोन्ही टोकांपेक्षा देवळांनी बांधून दिलेल्या गटांच्या आकाराशी जुळणारी लावणीच पाणी आणि कीड या दोहोंच्या दृष्टीने सर्वांत चांगली निघाली. त्या नद्या बालीतल्याच गियान्यार जिल्ह्याकडे आहेत, बातुकारुच्या उतारावर नव्हेत. पण तर्क तोच आहे.

म्हणून गावातल्या साठीच्या पुढच्या शेतकऱ्यांना तो काळ आवर्जून विचारावा. कोणते वाण आले, किती दिवसांत तयार होई, काय फवारले, बदके आणि खाचरातल्या वाम माशांचे काय झाले. या प्रश्नांना माणसे मोकळेपणाने उत्तर देतात. त्याच्या आधीचा एक काळ मात्र आपण होऊन काढू नये. १९६० च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर जमिनीवरून तेढ वाढली होती, आणि १९६५-६६ च्या कत्तलींत बालीत हजारो माणसे मारली गेली. एखाद्या वृद्धाने स्वतःहून काही सांगितले तर ऐकून घ्यावे. लिहायचे असल्यास त्याची परवानगी घ्यावी.

खाचरात आणि कोठारात

मापांबाबत मराठी माणसाचे काम सोपे आहे. बालीत शेतकरी जमीन ‘आरे’मध्ये सांगतो आणि तो आपल्या सातबाऱ्यावरचाच आर आहे : १०० चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याहून किंचित कमी. बहुतेकांची जमीन अर्ध्या हेक्टरच्या आतच असते. ती स्वतःची की दुसऱ्याची हे विचारावे. अर्धेलीने कसण्याला तिथे ‘नांदु’ म्हणतात.

तांदळाच्या शब्दांत मात्र फसगत होते. मराठीत शेतातल्या पिकाला भात म्हणतात आणि ताटातल्यालाही भातच. इंडोनेशियनमध्ये उभे पीक ‘पादी’, झोडलेली साळ ‘गाबाह’, सडलेला तांदूळ ‘बेरास’ आणि शिजवलेला ‘नासी’. कोणी उत्पन्नाचा आकडा सांगितला की तो गाबाहचा की बेरासचा हे तिथल्या तिथे विचारावे, कारण साळीचा तांदूळ वजनाने दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भरतो. हे न विचारल्यास एक तर शेतकरी भलताच श्रीमंत दिसतो किंवा भलताच गरीब.

जातिलुविहची ओळख म्हणजे उंच ताटाचा, पाच-सहा महिन्यांनी तयार होणारा स्थानिक भात, विशेषतः लाल तांदूळ. त्याची कापणी परंपरेने आनी-आनीने होते. तळहातात मावेल एवढी लाकडी पट्टी आणि तिच्यात बसवलेले लहान पाते, एवढेच ते अवजार. बायका ते मुठीत धरून एकेक लोंबी खुडतात, मूठ भरली की जुडी बांधतात, आणि त्या जुड्या जिनेंग नावाच्या खांबांवर उचललेल्या कोठारात जातात. पाते मुठीत लपलेले असते म्हणून भातदेवी श्री घाबरत नाही, अशी त्यामागची समजूत. कमी दिवसांच्या सुधारित वाणाचे तसे नाही : ते विळ्याने कापतात, शेतातच झोडतात, आणि पुष्कळदा उभे पीकच व्यापाऱ्याला विकले जाते. या उक्त्या विक्रीला ‘तेबासान’ म्हणतात. एकाच शेतकऱ्याच्या दोन हंगामांत हे दोन वेगळे संसार नांदत असतात, तेव्हा त्याच्या एका पिकाची माहिती घेऊन उठू नये. कापणीचे काम करणारे गट, म्हणजे ‘सेका’, कोणाचे आहेत, गावातले की बाहेरून आलेले मजूर, हेही विचारावे. कोठार भरलेले आहे की पर्यटकांना राहण्यासाठी दिलेल्या खोलीत त्याचे रूपांतर झाले आहे, हे विचारायची गरज नसते; ते दिसते.

देवाचा हिशेब

सुबाकची देवळे वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवू नयेत. ती पाण्याच्या पानावरच लिहावीत. बंधाऱ्याशी एक देऊळ, मुख्य फाट्याशी एक, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात पाणी जिथून शिरते त्या कोपऱ्यात एक लहानशी वेदी. पाणी घेण्याआधी मापाग तोयाचा विधी होतो. तोय हा शब्दही आपल्या ओळखीचा. कापणीआधी पहिल्या लोंब्यांची देवी बांधतात, आणि कोठार भरल्यावर तिथे पुन्हा पूजा होते. या विधींच्या तारखा लावणीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असतात, तेव्हा विधींची यादी नीट उतरवली की शेतीचे वेळापत्रकही हाती येते. या मांडणीला ‘त्रि हिता कराना’ असे नाव आहे : देवाशी, माणसांशी आणि भूमीशी नीट वागणे. शब्द गोड आहे आणि आता प्रत्येक हॉटेलच्या पत्रकावर छापलेला असतो, त्यामुळे गावात त्याबद्दल विचारले तर पाठ केलेले उत्तर मिळते. त्याऐवजी बंधाऱ्याच्या देवळाचा गेल्या उत्सवाचा खर्च कोणी किती उचलला, असे विचारावे.

देवळात जाताना कमरेला वस्त्र आणि वर कमरपट्टा लागतो, स्त्रियांना मासिक पाळीच्या दिवसांत प्रवेश नसतो, आणि वाटेवर जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या परड्या ओलांडून न जाता बाजूने जावे. बांधावरून चालताना बांध खचेल असे पाऊल टाकू नये. तुमच्या पावलाने गळणारे पाणी दुसऱ्याच्या तेकतेकातले असते.

पर्यटनाची बाजू

हे टाळून लिहिलेली गावाची ओळख अपुरी राहते, पण सगळे लिखाण याच्यावरच खर्च करणेही बरोबर नाही. खाचरे पाहायला तिकीट आहे, तेव्हा त्या पैशाची वाटणी सरकारी गाव, रूढीचे गाव आणि सुबाक यांच्यात कशी होते हे तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे विचारावे. उत्तरे तंतोतंत जुळली नाहीत तर आश्चर्य वाटून घेऊ नये, तिन्ही लिहून ठेवावीत. ज्याचे खाचर रस्त्याला लागून आहे त्याला तिथे चहाचे दुकान घालता येते. ज्याचे दोनशे पावले आत आहे त्याच्या वाट्याला येते ते छायाचित्रातले स्थान आणि बांधावरून चालणारे पाहुणे. दृश्य दोघांचे सारखेच, उत्पन्न मात्र नाही. शेतात इमारत उठली की केवळ तेवढी जमीन जात नाही. पाटाचा हिस्सा, श्रमाचा हिस्सा आणि लावणीच्या वेळापत्रकातला एक दुवाही जातो. त्या जागेच्या तेकतेकाचे पुढे काय झाले, हे पेकासेहला विचारण्यासारखे आहे.

मग चालत राहावे. पाट बारीक होत जातो, खाचरांतले जादा पाणी एकातून दुसऱ्यात झिरपते आणि शेवटच्या बांधाखाली पुन्हा एका ओहोळात जमा होते. तिथे सुबाकची हद्द संपते, गावाचा फलक मात्र अजून आलेला नसतो किंवा केव्हाच मागे पडलेला असतो. त्या ओहोळावर थोडे खाली दुसरा बंधारा दिसेल. तो कोणाचा, त्यांची लावणी कधी असते आणि यंदा त्यांना पाणी पुरले का, हे तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारावे आणि वहीच्या शेवटच्या ओळीत त्या खालच्या सुबाकचे नाव लिहावे.